बापाच्या नजरेसमोरचा हिवाळा : चित्रकार विल्यम कुरेलेक यांचे प्रकरण

१९५३मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात मनोविकारावर उपचार घेत असलेल्या २६ वर्षांच्या एका कॅनेडियन तरुणाने गुआश रंगात, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगात, एक चित्र काढले. शेतात पडलेली माणसाची एक कवटी त्यात उघडून दाखवली आहे. तिच्या आत खणाखणांची मांडणी आहे, प्रत्येक खणात आयुष्यातला एकेक जाच रंगवलेला आहे, आणि मधल्या खणात अंग चोरून पडलेला एक उंदीर आहे. ‘द मेझ’, म्हणजे भूलभुलैया, हे त्या चित्राचे नाव. पुढे वीस वर्षांनी, १९७३मध्ये, याच माणसाने आपल्या बालपणातल्या हिवाळ्याची वीस चित्रे काढली आणि ती ‘अ प्रेअरी बॉइज विंटर’ या मुलांच्या पुस्तकात छापली गेली. या चित्रांत पोरे हिमाच्या ढिगाऱ्यांत लोळतात, गवताच्या गाडीमागे दोर धरून घसरत जातात आणि हॉकी खेळताना भांडतात. न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षीच्या उत्तम सचित्र बालपुस्तकांत त्याची निवड केली आणि १९७४मध्ये कॅनडातला अमेलिया फ्रान्सिस हॉवर्ड-गिबन पुरस्कारही त्याला मिळाला.

शेत तेच, घर तेच, मुलगाही तोच. मग कवटीतल्या खणांपासून हिमातल्या खेळापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, आणि दुसरे चित्रण पहिल्याइतकेच खरे मानावे की वयाबरोबर आलेला गोडवा समजून बाजूला ठेवावे, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. कुरेलेक यांच्याविषयी बोलताना पुष्कळ लोक या दोन टोकांपैकी एकच टोक पकडतात. कोणी त्यांना केवळ मनोरुग्णालयातला चित्रकार म्हणून ओळखतात (एका अमेरिकन रॉक बँडने १९८१मध्ये ‘द मेझ’मधले तुकडे आपल्या अल्बमच्या वेष्टनावर वापरल्यापासून ही ओळख अधिकच पक्की झाली), तर कोणी केवळ नाताळच्या भेटकार्डाला शोभणारा चित्रकार म्हणून. माझ्या मते उत्तर या दोन टोकांच्या मध्ये, शेतावरच्या कामात सापडते.

आधी शब्दांची एक अडचण सांगितली पाहिजे. आकाशातून पडते ते मऊ, भुसभुशीत पांढरे आणि तळ्यावर गोठते ते टणक, या दोन्हींना रोजच्या मराठीत आपण ‘बर्फ’च म्हणतो. कुरेलेक यांच्या चित्रांत मात्र या दोन वस्तूंची कामे अगदी वेगळी आहेत. एकीत रुतायचे असते, दुसरीवरून घसरायचे असते. म्हणून या लेखात पडणाऱ्याला ‘हिम’ आणि गोठलेल्या पाण्याला ‘बर्फ’ असे म्हटले आहे, मग ‘हिम’ हा शब्द थोडा पुस्तकी वाटला तरी चालेल. ‘गारपीट’ या शब्दाबाबत मात्र काहीच अडचण नाही. कुरेलेक यांचे ‘हेलस्टॉर्म इन अल्बर्टा’ हे १९६१चे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे, आणि नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला त्या चित्राचा विषय कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पार्श्वभूमी : दुभत्याचा हिवाळा

विल्यम कुरेलेक यांचा जन्म ३ मार्च १९२७ रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या व्हिटफर्डजवळ झाला. वडील दिमित्रो हे युक्रेनियन, बुकोविना भागातल्या बोरिव्त्सी या गावाहून आलेले. आई मेरी हीदेखील तिथल्याच जुन्या युक्रेनियन वसाहतकऱ्यांच्या घरातली. सात भावंडांत विल्यम थोरला. प्रेअरी म्हणजे कॅनडाच्या मधला गवताळ सपाट प्रदेश. सरकारने तो मैल मैल लांबीरुंदीच्या चौरसांत आखून काढला होता, आणि नव्याने येणाऱ्या शेतकऱ्याला त्यातला पाव चौरस, म्हणजे १६० एकर जमीन, १० डॉलर नोंदणी शुल्कात मिळे. अट एवढीच की ती त्याने कसून आणि तिथे राहून दाखवावी. आपल्याकडे १६० एकरांचा धनी गावात दबकून विचारला जातो. तिथे ती सुरुवात होती, आणि पुष्कळदा शेवटही, कारण मधल्या वर्षांत गव्हाचे भाव कोसळले. १९३४मध्ये, विल्यम सात वर्षांचा असताना, कुटुंबाने अल्बर्टा सोडले आणि मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग शहराच्या उत्तरेला असलेल्या स्टोनवॉलजवळ ते शेती करू लागले.

तिथे त्यांनी गाई ठेवल्या, आणि ही गोष्ट चित्रे समजून घेण्यासाठी फार महत्त्वाची आहे. निव्वळ गहू पिकवणाऱ्याचा हिवाळा तुलनेने मोकळा असतो, कारण जमीन गोठलेली असते आणि धान्य कोठारात गेलेले असते. दुभती जनावरे असलेल्याला ती सवलत नाही. उणे तीस अंशांतही सकाळ-संध्याकाळ धारा काढाव्या लागतात, गंजीवरचे गवत गोठ्यापर्यंत ओढून आणावे लागते, विहिरीचे पाणी उपसून जनावरांना पाजावे लागते, आणि डोणीतले पाणी गोठण्याआधी त्यांनी ते प्यावे म्हणून त्यांच्या मागे लागावे लागते. घर उबदार ठेवण्यासाठी रानातून लाकूड आणणे हे त्याखेरीज. कुरेलेक यांच्या हिवाळी चित्रांत निसर्गापेक्षा राबणूक जास्त दिसते, त्याचे कारण गोठ्यात आहे.

घरात विल्यमची किंमत फारशी नव्हती. दिमित्रो यांच्या लेखी माणसाचे मोल कामावर ठरे. यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करता यावे, गाडी भरताना गवत कलू नये, हातातले अवजार मोडू नये, एवढ्या त्यांच्या अपेक्षा होत्या. थोरला मुलगा नेमका इथेच कमी पडे. त्याच्याहून धाकटा जॉन शेतात चपळ होता आणि विल्यम चित्रे काढी. शाळेत इंग्रजी, घरी युक्रेनियन, त्यात स्वभाव भित्रा, त्यामुळे सोबतच्या पोरांनाही तो चिडवायला सोपा जाई. मॅनिटोबा विद्यापीठातून १९४९मध्ये पदवी घेऊन चित्रकलेचाच रस्ता धरायचा असे त्याने ठरवले, तेव्हा बापलेकांमधली दरी आणखी रुंदावली. टोरांटोच्या कलाशाळेत काही महिने, मग मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे गावात काही महिने, आणि १९५२मध्ये लंडन. तिथे मॉड्स्लीनंतर नेदर्न रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, आणि एडवर्ड अॅडमसन यांनी रुग्णांसाठी चालवलेल्या चित्रशाळेत त्याला काम करता आले. त्या वर्षांत जिवावर बेतण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. त्याचा तपशील इथे आवश्यक नाही. १९५७मध्ये त्याने रोमन कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली, आणि त्या श्रद्धेनेच आपल्याला सावरले असे तो आयुष्यभर मानत राहिला.

चौकटीच्या दुकानातून

१९५९मध्ये कुरेलेक टोरांटोला परतले तेव्हा त्यांच्या हातात एक कसब होते. लंडनमधल्या एका नामांकित कारागिराच्या दुकानात ते चित्रांच्या चौकटी बनवायला शिकले होते. टोरांटोतल्या आयझॅक्स गॅलरीचे मालक अॅव्हरम आयझॅक्स यांनी त्यांना चौकटी बनवण्याचे काम दिले, आणि त्यांची चित्रे पाहिल्यावर १९६०मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरवले. १९६२चे प्रदर्शन शेत आणि जंगल यांच्या आठवणींचे होते, १९६३चे उपदेशपर चित्रांचे, आणि १९६४चे ‘अॅन इमिग्रंट फार्म्स इन कॅनडा’ हे तर सरळ बापाच्या शेतीवर. हा क्रम मला बोलका वाटतो. ज्या बापाची भीती १९५३च्या चित्रात आहे, त्याच बापाच्या कष्टांची मालिका अकरा वर्षांनी प्रदर्शनाच्या भिंतीवर लागली, आणि तीत बाप कामकरी म्हणून उभा आहे.

चौकटीच्या धंद्यामुळे त्यांच्या चित्राकडे वस्तू म्हणून पाहण्याची सवय लागते. कापडाऐवजी ते बहुधा हार्डबोर्डवर काम करीत. बोर्डावर जेसोचा, म्हणजे खडू आणि सरसाच्या जातीचा पांढरा थर द्यायचा, त्यावर रंगाचा पातळ थर पसरायचा, आणि मग ब्रशपेक्षा टोकदार वस्तूंनी पुढचे काम करायचे. ते चक्क बॉलपेन वापरीत. रंगात पेनाचे टोक रुतवून गवताच्या काड्या, कुंपणाच्या तारा, जनावरांच्या अंगावरचे केस आणि झाडांच्या उघड्या फांद्या ओढीत, आणि काही ठिकाणी रंग खरवडून खालचा पांढरा थर वर आणीत. छापील पुस्तकात हे निसटते, पण पृष्ठभाग जवळून पाहिला की हिमाच्या गुळगुळीत पटावर ओरखडेच ओरखडे दिसतात. शाळकरी पोराने वहीत पेन दाबून रेघ ओढावी तसे ते आहेत. हिमातून वर आलेले धसकट रंगवण्याची याहून साधी युक्ती मला माहीत नाही.

सावल्यांचेही तसेच. स्टोनवॉल उत्तर अक्षांश ५०च्या किंचित वर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम साडेसोळा अंश चढतो, त्यामुळे बारा वाजताही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सव्वातीन पटींहून लांब पडते, आणि दिवस आठ तासांत संपतो. सूर्याचा उजेड पिवळट, आणि सावलीत पोचतो तो फक्त आकाशाचा निळा उजेड, म्हणून हिमावरची सावली निळी दिसते. मुंबई-पुण्याच्या उन्हात वाढलेल्या डोळ्याला अशा निळ्या, लांबलचक सावल्या चित्रकाराची हौस वाटण्याची शक्यता आहे. वास्तविक ती त्या अक्षांशावरची साधी नोंद आहे.

कोल्हा आणि हंस

या पुस्तकातले एक चित्र सविस्तर पाहू. नवे हिम पडल्यावर प्रेअरीवरच्या शाळेतली मुले ‘फॉक्स अँड गीस’ नावाचा पाठलागाचा खेळ खेळत. आधी एकामागे एक चालत, पाय घासत, कोऱ्या हिमावर मोठे वर्तुळ तुडवायचे. मग त्यात बैलगाडीच्या चाकासारखे आरे तुडवायचे. एक मूल कोल्हा, बाकीचे हंस. पळायचे ते तुडवलेल्या वाटांवरूनच, आणि चाकाचा तुंबा ही सुरक्षित जागा. हिम कोरे असेल तरच खेळ नीट मांडता येतो. एकदा ते सगळीकडे तुडवले गेले की पुन्हा हिम पडेपर्यंत वाट पाहायची.

हा खेळ रंगवायचा तर चाकाचा आकार दिसला पाहिजे, आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तो दिसत नाही. म्हणजे चित्रकाराची नजर उंचावर हवी. कुरेलेक यांच्यावर फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेल यांचा मोठा प्रभाव होता आणि ब्रॉयगेल यांचे १५६५चे ‘हंटर्स इन द स्नो’ व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्या चित्रात शिकारी टेकडीवरून उतरत असतात, त्यामुळे खालच्या गोठलेल्या तळ्यांवरची माणसे वरून दिसणे स्वाभाविक आहे. मॅनिटोबाच्या त्या भागात टेकडीच नाही. गवताच्या गंजीचा माथा किंवा गोठ्याचे छप्पर एवढीच काय ती उंची. तरीही कुरेलेक यांची बरीच हिवाळी चित्रे वरून पाहिलेली आहेत, माणसे त्यांत बोटभर उंचीची आहेत, आणि हिमाचा पट चित्राचा मोठा भाग व्यापतो.

माझ्या मते ‘द मेझ’ आणि ही चित्रे यांतला खरा फरक इथे आहे. कवटीतल्या खणांत पाहणारा आतच कोंडलेला आहे आणि प्रत्येक प्रसंग त्याच्या अंगावर येतो. हिमाच्या चित्रांत तोच मुलगा दहा जणांतला एक आहे. पुस्तकातला मजकूरही ‘मी’ म्हणत नाही. ‘विल्यम’ असे तृतीयपुरुषी नाव घेऊन तो सगळे सांगतो. भांडण, थंडी, धाक यांतले काहीही पुसलेले नाही. हॉकीच्या चित्रातली भांडणे भांडणेच आहेत, आणि जनावरांना पाणी पाजणाऱ्या मुलाचे काम खेळ म्हणून रंगवलेले नाही. एवढेच की पाहणारा आता पुरेसा दूर आणि वर गेलेला आहे, त्यामुळे चाकाचा आकार त्याला दिसतो.

कॅनडाच्या चित्रकलेत हिम नवे नव्हते. १९२०मध्ये टोरांटोत एकत्र आलेल्या ‘ग्रुप ऑफ सेव्हन’च्या चित्रकारांनी उत्तरेकडची हिमाच्छादित रानेवने देशाची ओळख म्हणून रंगवली होती. लॉरेन हॅरिस यांचे हिम तर देवळाच्या गाभाऱ्यासारखे निर्मनुष्य आणि स्वच्छ आहे. त्या हिमावर कोणाला शेण काढायचे नसते. कुरेलेक यांचे हिम वापरातले आहे. त्यावर चाकोऱ्या आहेत, सांडलेले गवत आहे, घोड्यांच्या टापांचे ठसे आहेत, बादलीतून हिंदकळलेल्या पाण्याचा जागच्या जागी झालेला बर्फ आहे. हॅरिस यांची चित्रे मला आवडतात, पण तिथे हिवाळा कसा काढतात हे विचारायचे असेल तर मी कुरेलेक यांच्याकडे जाईन.

बापाला दाखवायचे चित्र

या चित्रांतली तपशिलाची काटेकोर सचोटी कोणासाठी होती, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. टोरांटोच्या ग्राहकाला गवताच्या गाडीचा साटा कसा बांधतात याच्याशी काही देणेघेणे नव्हते. मुलांना तर नव्हतेच. तरीही पुस्तकातला मजकूर प्रत्येक काम कसे करायचे ते क्रमाने सांगतो, आणि चित्र त्या क्रमाला धरून असते. शाळेजवळ घसरायला मैदान करायचे तर पाणी वाहून आणून ते कसे पसरायचे, जनावरे बाहेर कधी सोडायची, सरपण कशावर लादून आणायचे, हे सारे त्यात येते. ज्या मुलाला शेतावर ‘तुला काही येत नाही’ हे ऐकावे लागले, त्याने मोठेपणी तीच कामे, एकही दोर चुकीच्या जागी न बांधता, रंगात करून दाखवली. दिमित्रो कुरेलेक या एका परीक्षकाने दोष काढू नये, असे हे काम आहे. असे मी म्हणतो ते चित्रांवरून बांधलेले अनुमान आहे, पण १९६४च्या मालिकेचा विषय पाहता ते फार दूरचे नसावे.

इथे एक आक्षेप न्याय्यपणे नोंदवला पाहिजे. शेतीची चित्रे विकली जात, धार्मिक चित्रे तितकी विकली जात नसत, आणि म्हणून बालपणाचा हिवाळा हा कुरेलेक यांच्यासाठी पोटापाण्याचा धंदा होता, असे म्हणता येते. त्यात तथ्य आहे. येशूच्या यातनांवरची १६० चित्रांची मालिका, अणुयुद्धाच्या भयाची चित्रे, ही त्यांना स्वतःला अधिक मोलाची वाटत. बालपणीच्या आठवणींची चित्रे त्या मानाने त्यांच्या दृष्टीने हलके काम होते. काही समीक्षकांना नेमके उलटे वाटे. उपदेशाची चित्रे त्यांना कर्कश वाटत आणि शेतीची चित्रे भोळी. पण विक्रीसाठी काढलेली चित्रे खोटी असतात हे गृहीतच मला मान्य नाही. त्यांनी आयुष्यात दोन हजारांहून अधिक चित्रे काढली असे मानले जाते. इतक्या वेगाने काम करणाऱ्याच्या हातून काही चित्रे सपाट उतरणार, आणि तशी ती उतरलीही आहेत. हिवाळ्याच्या वीस चित्रांतसुद्धा सगळी सारख्या तोलाची नाहीत. हिमाचे गोळे फेकणाऱ्या पोरांचे चित्र गोड आहे, पण पाणी पाजण्याच्या किंवा सरपण आणण्याच्या चित्रात जो भार आहे तो त्यात नाही. काम नसले की कुरेलेक यांचा हात थोडा सैल पडतो.

दुसरा आक्षेप गोडव्याचा. १९७३पर्यंत प्रेअरीवरचे घोडे जाऊन ट्रॅक्टर आले होते, तरुण मंडळी शहराकडे गेली होती, आणि एका खोलीच्या शाळा बंद पडत होत्या. अशा वेळी आलेले पुस्तक स्मरणरंजन म्हणूनच विकले जाणार होते. विनिपेग किंवा टोरांटोत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांच्या हाती ते पडले तर त्यांनाही ते परक्या आजोबांच्या गावासारखे वाटेल. मात्र पुस्तकाचा आरंभ आणि शेवट पाहिला की चित्रकाराला स्मरणरंजन पुरेसे नव्हते हे कळते. पहिल्या चित्रात कावळे हिवाळ्याआधी दक्षिणेकडे निघून चालले आहेत, आणि शेवटी वसंतात पहिला कावळा परत येतो. आपल्या अंगणातला कावळा बारमाही असल्याने यातली गंमत मराठी वाचकाला एकदम लागत नाही. मॅनिटोबात तो ऑक्टोबरात जातो आणि मार्चच्या सुमारास येतो, आणि गोठा साफ करणाऱ्या पोराच्या दृष्टीने तोच पंचांग असतो. हे चक्र रम्य आहे म्हणून रंगवलेले नाही. चार-पाच महिने अंधारात उठून धारा काढणाऱ्याला ते मोजावेच लागते.

१९७६मध्ये कुरेलेक यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यावरच्या दुसऱ्या पुस्तकाला पुन्हा हॉवर्ड-गिबन पुरस्कार मिळाला. १९७७मध्ये ते बापाच्या बोरिव्त्सी गावी जाऊन राहिले आणि तिथली माणसे, घरे, कामे यांची रेखाटने करून आले. कर्करोगाने त्यांना तेव्हा आतून गाठले होते. ३ नोव्हेंबर १९७७ रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५० वर्षांचे होते. कावळे जाण्याच्या त्या पहिल्या चित्रात विल्यम शेतात उभा राहून वर पाहतो आहे. चेहरा दिसत नाही, कारण आकृती फार लहान आहे.